कार्पेटमध्ये न मोजलेली जागा

अहमदाबादच्या शाहीबागेत एक घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून एक घसरगुंडी निघते आणि थेट खालच्या पोहण्याच्या तलावात उतरते. घर आखलं ल कॉर्बुझिए यांनी, म्हणजे ज्यांनी चंदीगड आखलं त्यांनीच. बांधून घेतलं मनोरमा साराभाई यांनी, पतीच्या निधनानंतर मुलांना घेऊन राहायला. १९५५च्या सुमारास ते पूर्ण झालं. जगभर नाव असलेला माणूस, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, सगळीकडे काँक्रीट आणि विटा, आणि इथे मुलांसाठी घसरगुंडी! मला ते घर तिथूनच आवडायला लागलं.

मी ते फक्त पुस्तकात पाहिलं आहे. माझ्या धाकट्या नणंदेची मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. तिची पुस्तकं उचलायला दोन हात लागतात. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी ती चाळत बसते. मी बी.कॉम., १९७८ सालची. इमारतीतलं मला काय कळणार? पण घर झाडण्या-पुसण्यात पंचेचाळीसच्या वर वर्षं गेली, त्यामुळे फोटो पाहिला की माझी नजर आधी कोपऱ्यांवर जाते. इथे केरसुणी पोचेल का? एवढा उंच पडदा धुवायला कोण काढणार? संध्याकाळचं ऊन कुठून येतं? भाची हसते आणि म्हणते, "मामी, आमचे सरपण हेच विचारतात." खरं-खोटं तिलाच ठाऊक.

हा उद्योग नुसता वेळ घालवायला नाही. आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. १९८४ची चार मजली इमारत, चोवीस सभासद, लिफ्ट नाही. सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला तेव्हापासून त्या जिना उतरल्या नाहीत. नवी इमारत झाली तर लिफ्ट येईल, त्या खाली जातील, मंदिरात जातील, म्हणून पुनर्विकासाला आमचं पहिल्यापासून 'हो' आहे. अडलंय ते घराच्या नकाशापाशी. बिल्डरने दोन नकाशे दिले आहेत आणि त्यातला एक सभासदांनी निवडायचा आहे. 'अ' नकाशात कार्पेट ७४२ चौरस फूट, गॅलरी नाही, दर्शनी भागाला खालपासून वरपर्यंत काच. 'ब' नकाशात कार्पेट ६९०, आणि दहा फूट लांब, आठ फूट खोल अशी गॅलरी. बहुतेकांचा कल 'अ'कडे आहे. त्याचं कारण मी पुढे सांगते, ते हिशेबाचं आहे.

आधी साराभाईंच्या घराबद्दल. त्याला वर सपाट स्लॅब नाही. विटांच्या भिंतींवर बुटक्या कमानी, एकाला एक लागून, आगगाडीच्या बोगद्यांसारख्या. त्या कमानींवर माती, मातीवर हिरवळ. म्हणजे छपरावर बाग. अहमदाबादच्या मे महिन्यात ती माती ऊन पिते आणि खाली खोल्यांत गारवा राहतो. बोगद्यांची तोंडं वाऱ्याची दिशा पाहून ठेवली आहेत आणि दोन्ही टोकांना खोल व्हरांडे आहेत. त्यामुळे ऊन व्हरांड्यातच अडतं आणि वारा मात्र आरपार जातो. फरशी काळ्या दगडाची.

ते छप्पर पाहून मला माहेरचं माळवद आठवलं. माझं माहेर जत तालुक्यातलं. पाऊस कमी, ऊन फार. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. मृगाच्या आधी अण्णा पांढरी माती आणून वर अंथरायचे, आणि पावसात उगवलेलं गवत मात्र उपटून टाकायचे, कारण मुळं खाली गेली की गळती. साहेबांनी तेच गवत मुद्दाम लावलं. अर्थात त्यांच्या मातीखाली पक्की कमान होती आणि पाणी काढून द्यायला पन्हाळी होत्या. साराभाई कुटुंब जैन. माझ्या मनात लगेच आलं, की चातुर्मासात त्या हिरवळीवर पाय ठेवायचा प्रश्न आमच्या घरात आला असता तर सासूबाईंनी गच्चीला कुलूपच लावलं असतं.

गेल्या डिसेंबरात पुतण्याचं लग्न होतं, मुलगी अहमदाबादची. भाचीने मला आणि यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रिक्षात घातलं आणि दिवसभर फिरवलं. आधी हठीसिंगचं मंदिर, १८४८ सालचं, पांढऱ्या संगमरवराचं, धर्मनाथ भगवंतांचं. मधे मुख्य मंदिर, भोवती चौक, आणि चौकाच्या कडेने बावन्न देवकुलिका. त्यांच्यासमोरून खांबांची सावलीची वाट जाते. बाहेर दुपारचं ऊन होतं, पण त्या वाटेवर अनवाणी चालताना पाय पोळले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तिथून आम्ही गेलो आश्रम रोडवर गिरणी मालक संघाच्या इमारतीत, आणि ती बांधली गेली तेव्हा संघाचे प्रमुख होते याच हठीसिंग घराण्यातले सुरोत्तम हठीसिंग. इमारत पुन्हा कॉर्बुझिए यांचीच, १९५४ची. काँक्रीटचा लांब उतार चढून आपण सरळ पहिल्या मजल्यावर जातो. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून नेता आलं असतं, हा माझा पहिला विचार.

तिथे मी जे शिकले ते असं. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची, नदीकडची पूर्वेची. दोन्हीकडे भिंत नाही, काचही पुढे नाही. काँक्रीटच्या जाड उभ्या-आडव्या फळ्यांची प्रचंड जाळी आहे. पूर्वेच्या फळ्या सरळ, पश्चिमेच्या तिरक्या. का? भाचीने हात आडवा-उभा धरून समजावलं. दुपारी बाराचं ऊन डोक्यावरून येतं, त्याला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पण चार वाजताचं ऊन आडवं येतं. छज्ज्याखालून सरळ आत शिरतं आणि पलंगापर्यंत पोचतं. त्याला अडवायचं तर एक तर उभी तिरकी आडोशाची भिंत पाहिजे, नाहीतर खोल व्हरांडा पाहिजे. दक्षिण आणि उत्तर बाजूंना त्यांनी विटांची जवळजवळ बंद भिंत ठेवली आहे. या फळ्यांमध्ये झाडं लावलीत, आणि वारा येतो. तक्रार करायची तर एकच: त्या फळ्यांच्या खाचांत धूळ बसते. पुरुषांनी आखलेल्या इमारतीत धुळीचा विचार शेवटी येतो, हे माझं जुनं मत आहे आणि ते तिथेही बदललं नाही.

याच सुरोत्तमभाईंनी स्वतःसाठीही कॉर्बुझिए यांच्याकडून घराचे नकाशे करून घेतले होते. मग घर न बांधता नकाशे श्यामुभाई शोधन यांना विकले, आणि त्यांनी ते वेगळ्या जागेवर बांधलं. शोधन व्हिला म्हणून ते आज जगभरच्या पुस्तकांत आहे. नकाशासुद्धा हस्तांतरणीय मालमत्ता असते, हे कॉमर्सच्या आम्हा कुणाला शिकवलं नव्हतं! त्या घराला छत्रीसारखं वेगळं छप्पर आहे, आणि खालच्या गच्च्या सावलीत राहाव्यात म्हणून ते खोल्यांच्या वर उंच उचलून धरलं आहे.

संध्याकाळी 'संगाथ' पाहिलं. हे बाळकृष्ण दोशी यांचं काम करण्याचं ठिकाण, १९८०चं. दोशी जन्माने पुण्याचे, १९२७ सालचे. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले, पॅरिसला कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम केलं आणि त्यांच्याच इमारतींवर देखरेख करायला अहमदाबादला आले ते तिथलेच झाले. २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय. २०२३च्या जानेवारीत गेले. संगाथमध्ये पुन्हा त्याच लांबट कमानी, पण अर्ध्या जमिनीत गेलेल्या, आणि वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेले. मी पाहताक्षणी म्हटलं, हे तर आमच्या गच्चीवरचं चायना मोझॅक! आमच्या सोसायटीने गळती थांबवायला चार वर्षांपूर्वी तेच केलं होतं. पांढरा चकचकीत तुकडा ऊन परत फेकतो, पाणी आत जाऊ देत नाही, आणि टाकाऊ मालातून होतो. पावसाचं पाणी त्या कमानींवरून ओघळून खालच्या नाल्यांतून खेळत जाईल अशी रचना आहे. एवढ्या मोठ्या माणसाने जगापुढे मांडायला जी वस्तू निवडली ती आमच्या गच्चीवर होती, याचा मला फार आनंद झाला. हे म्हणाले, "आता सोसायटीला प्रिट्झकर मागू या."

आता मुंबईची एक इमारत. ती आतून पाहण्याची आमची ऐपत नाही, बाहेरून कुणालाही दिसते. कुंबाला हिलवरचं 'कांचनजंगा', चार्ल्स कोरिया यांचं, १९८३ साली पूर्ण झालेलं. उंची ८४ मीटर, मजले अठ्ठावीस, आणि घरं फक्त बत्तीस. श्रीमंतांची इमारत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिच्यात जो प्रश्न सोडवला आहे तो आपल्या सगळ्यांचा आहे. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दृश्यही पूर्व-पश्चिमेलाच आहे, म्हणून घराची तोंडं तिकडे हवीत. पण दुपारचं आडवं ऊनही पश्चिमेचं, आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. वारा हवा आणि ऊन-पाऊस नको, असं कसं करायचं? जुन्या बंगल्यांनी याला उत्तर दिलं होतं. बंगल्याच्या चहूबाजूंनी व्हरांडा फिरवायचा. ऊन-पाऊस तिथेच अडतात, माणसं मागच्या खोल्यांत कोरडी राहतात, आणि ज्या वेळी हवा बरी असते तेव्हा व्हरांड्यात येऊन बसतात.

कोरियांनी तोच व्हरांडा आकाशात नेला. प्रत्येक घराच्या कोपऱ्याला दोन मजले उंचीची खोल, उघडी गच्ची-बाग कोरून काढली. पेडर रोडकडून वर पाहिलं तर इमारतीचे कोपरे कुणी मोठ्या सुरीने कापून घेतल्यासारखे दिसतात. ते कापलेले कोपरे म्हणजे लोकांचे व्हरांडे. विचार करा, त्या भागात चौरस फुटाला काय भाव असेल! आणि त्यांनी सगळ्यात महागडी जागा, कोपऱ्याची, समुद्र दिसणारी, ती खोली न करता उघडी ठेवली. दोन मजले उंच का, तर वरच्या घराची गच्ची डोक्याशी आली तर ती गुहा होते, झाडं वाढत नाहीत. उंची असली की उजेड आत जातो.

कोरियांनी गरिबांसाठीही असंच काही करून पाहिलं होतं, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. १९६०च्या सुरुवातीला अहमदाबादेत 'ट्यूब हाउस' नावाचं एक अरुंद, लांब घर त्यांनी बांधलं. जेमतेम बारा फूट रुंद. वर तिरकं छप्पर. आतली गरम हवा त्या उताराने वर चढते आणि शेंड्याच्या फटीतून बाहेर पडते, तिच्या जागी दाराशेजारच्या झडपांतून गार हवा आत येते. पंख्याशिवाय वारा. स्वस्त घरांच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं होतं. १९९५मध्ये ते पाडलं. नव्या मुंबईत बेलापूरला त्यांची वसाहत अजून आहे. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक आठ मीटर बाय आठ मीटर, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे पैसे आले की ज्याने-त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी लागू नये. लोकांनी ती वाढवली, बदलली, कित्येकांनी पाडून नवीही बांधली. भाचीच्या वर्गात यावर भांडणं होतात म्हणे. चौकात मुलं खेळतात की नाही एवढं पाहून यावं, असं मला वाटतं.

हॉटेलांबद्दल लिहायचं तर मी दोनच सांगू शकते, कारण दोनच ठिकाणी 'हॉटेल पाहण्यासाठी' म्हणून गेले आहे. एक गोव्यात दोनापावलाजवळ, 'सिदाद द गोवा', हेही कोरियांचंच. तिथे भिंतींवर खोट्या खिडक्या आणि दारं रंगवलेली आहेत. गंमत वाटते, आपण गावातल्या गल्लीतून चालतोय असं वाटतं. एकदा हसून झालं की झालं. मला खरी खिडकी बरी.

दुसरं मात्र विसरता येत नाही. २०१९च्या जानेवारीत आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा मुलाने आम्हा दोघांना श्रीलंकेला पाठवलं. दांबुल्लाजवळ, सिगिरियापासून फार लांब नाही, कंदलमा नावाचा जुना तलाव आहे. त्याच्या काठच्या डोंगराच्या कड्याला बिलगून जेफ्री बावा यांनी एक हॉटेल बांधलं, १९९४ साली. बावा आधी वकील होते. घर-बागेच्या नादाने पुन्हा शिकायला गेले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी आर्किटेक्ट झाले. (हे वाक्य मी भाचीच्या आईला मुद्दाम वाचून दाखवलं. मुलीला एक वर्ष गॅप पडली तर काय, म्हणून ती रडत होती.)

हॉटेल जवळपास एक किलोमीटर लांब आहे, आणि तलावापलीकडून पाहिलं तर दिसत नाही! सगळ्या दर्शनी भागावर वेली सोडलेल्या आहेत. काँक्रीटचा सांगाडा खाली, वर जंगल. आत शिरताना गुहेसारख्या वाटेतून जावं लागतं, आणि डोंगराचा खडक फोडून न टाकता तसाच ठेवला आहे. तुम्ही चालता आहात आणि शेजारी हत्तीच्या पाठीएवढा खडक. इमारत काही ठिकाणी खांबांवर उचलली आहे, म्हणजे डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी खालून वाहत तलावाला जातं. बांधायच्या आधी तिथे लोकांनी मोठा विरोध केला होता, तलाव आणि जंगल खराब होईल म्हणून. बावांनी जागाच बदलून घेतली होती. मूळ प्रस्ताव सिगिरियाच्या जवळ होता, तिथे नको म्हणाले.

मला काय आवडलं ते वेगळंच. लांबच लांब बोळ, आणि त्या बोळांना एसी नाही. ते बंदच नाहीत. एका बाजूला खोल्यांची दारं, दुसऱ्या बाजूला उघडा कडा, झाडं, माकडं. हॉटेलच्या बोळात मला नेहमी गुदमरतं, गालिचाचा वास येतो, दिवस की रात्र कळत नाही. इथे आपल्या खोलीतून जेवायला जाताना पाऊस ऐकू येत होता. माकडांमुळे गॅलरीचं दार लावून घ्या असं बजावलेलं होतं, आणि ह्यांचे केळ्याचे वेफर्स गेलेच. संध्याकाळी साडेपाचला जेवण मागितलं तेव्हा तिथला मुलगा गोंधळला. सूर्यास्तानंतर आम्ही जेवत नाही म्हटल्यावर त्याने वरण-भात आणि फणसाची भाजी खोलीत आणून दिली. आम्ही गॅलरीत बसून, पलीकडचं पाणी तांबडं होईपर्यंत जेवलो. एवढ्या मोठ्या, एवढ्या खर्चिक हॉटेलातली मला आठवणारी जागा म्हणजे ती गॅलरी. खोलीतला पलंग कसा होता, सांगता येणार नाही.

माझ्या माहेरी या जागेला सोपा म्हणत. दारातून आत आलं की आधी सोपा, मग माजघर. सोप्याला तीन भिंती, चौथी बाजू खांबांची. पाहुणा तिथे बसायचा, धान्य तिथे निवडलं जायचं, अक्का तिथेच बाळंत झाल्यावर उन्हाला बसायची. कोंकणात ओटी-पडवी, गुजरातेत ओटलो. आमच्या १९८४च्या इमारतीत तिचं नाव गॅलरी झालं आणि रुंदी चार फूट झाली. मग एकेकाने ती बंद केली. आधी जाळी, मग सरकत्या काचा, मग कुणी तिथे मुलाचं टेबल टाकलं, कुणी वॉशिंग मशीन. चोवीस घरांपैकी उघडी गॅलरी आता दोनच घरांना आहे. त्यातली एक आमची, कारण तिथे सासूबाई बसतात. सकाळी सात ते साडेदहा, आणि चारनंतर दिवे लागेपर्यंत. शाळेच्या व्हॅनवाल्याला त्या नावाने ओळखतात. समोरच्या बंगल्यातल्या सुनेला दिवस गेलेत हे त्यांनी तिच्या घरच्यांच्या आधी ओळखलं होतं! जिना बंद झाल्यापासून त्यांचं गाव, बाजार, मंदिराची वाट, सगळं त्या चार फुटांत आहे.

आता हिशेब. लोक 'अ' नकाशा का मागतात? कारण सगळे कार्पेट विचारतात. २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या नीट दिलेली आहे. घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंतींसह. बाहेरच्या भिंती, डक्ट, गॅलरी किंवा व्हरांडा, आणि उघडी गच्ची यात धरत नाहीत. कायदा चांगला आहे. पूर्वी बिल्डर जिना आणि लिफ्टसुद्धा आपल्या माथी मारून सुपर बिल्टअप म्हणायचे, ते थांबलं. पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. गॅलरी कार्पेटमध्ये येत नाही म्हणून लोकांना ती 'मिळालेली' वाटतच नाही. सभेत एक गृहस्थ म्हणाले, "७४२ वजा ६९० म्हणजे बावन्न फूट. बारा हजारांनी सहा लाख चोवीस हजारांचं नुकसान." सगळ्यांनी माना हलवल्या. मी वहीत लिहिलं: ६९० अधिक गॅलरी ८०, एकूण ७७०. ७४२पेक्षा अठ्ठावीस जास्त. आणि 'अ' नकाशातली काच पश्चिमेला आहे. चार वाजताचं ऊन काचेतून आत येईल आणि बाहेर जायला त्याला वाट नाही. प्रत्येक घराला आणखी एक एसी लागेल. ते बिल दर महिन्याला येत राहील आणि बिल्डर तोवर दुसऱ्या सोसायटीत असेल.

दुसरी गोष्ट मी लिहिली ती स्वयंपाकघराची. 'अ' नकाशात ते मधोमध आहे आणि त्याची खिडकी डक्टमध्ये उघडते. आमच्यासारख्या घरात, जिथे सूर्यास्ताच्या आत चूल आवरायची असते आणि धान्याचा कणन् कण पाहून घ्यायचा असतो, तिथे उजेडाशिवाय चालत नाही. ट्यूबखाली तांदळातला पोरकिडा दिसतो, पण डाळीतलं बारीक जाळं दिसायला दिवसाचाच उजेड लागतो. पण हे फक्त आमचं नाही. खालच्या मजल्यावरच्या देशस्थ काकूंनीही तेच सांगितलं, की दिवसभर लाइट लावून पोळ्या कोण करणार?

मी हे सगळं एका पानावर लिहून सचिवांकडे दिलं. भाचीने शेजारी दोन छोट्या आकृत्या काढून दिल्या, एक काचेची आणि एक खोल गॅलरीची, दोन्हीत चार वाजताचं ऊन लाल पेन्सिलीने. पानभर लिहिलेलं कुणी वाचलं की नाही माहीत नाही, पण त्या लाल रेघा सगळ्यांनी पाहिल्या. पहिल्या सभेत 'ब'ला हात वर करणारे पाच होते, दुसऱ्या सभेत अकरा झाले. बिल्डरच्या माणसाने मधेच तिसरं सुचवलं, की गॅलरी ठेवू पण चार फुटांची करू, म्हणजे दोघांचंही समाधान. त्याला नको म्हणायला मी आणि काकू दोघीच उभ्या राहिलो. चार फुटांची गॅलरी दोन वर्षांत बंद होते, आमच्या इमारतीत बावीस पुरावे आहेत. तिथे कपडे वाळतात. माणूस बसत नाही, कारण खुर्ची ठेवली की जायला वाट उरत नाही.

शेवटची सभा पुढच्या महिन्यात आहे. बहुमताला तेरा लागतात. दोन जण परदेशी आहेत, त्यांना हेच पान फोनवर पाठवलं आहे. दरम्यान काल संध्याकाळी मी टेप घेऊन सासूबाईंची आरामखुर्ची मोजली, पाय लांब केल्यावर पाच फूट दोन इंच भरली. त्यांनी विचारलं, "कशाला मापं घेतेस गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्यामागून पाण्याचा तांब्या घेऊन तुला यायला जागा ठेव. त्यासाठी अडीच फूट धरले. सात फूट आठ इंच झाले.